मंदीत सरकारनं काय करावं? कर्ज द्यावं की काम?

लेथवाला | रवि, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होतो, आज लेकीमुळे लिहितोय.

लेक टीवायला (पदवीच्या तिसऱ्या वर्षाला) आहे, अर्थशास्त्र. कॉलेजात 'मंदी आणि सरकारी धोरण' यावर शुक्रवारी सादरीकरण आहे. जेवताना मला म्हणाली, "बाबा, तुम्ही दोन मंद्या बघितल्या. सरकारनं तुम्हाला काय दिलं?" मी म्हटलं, "२००८ ला काही नाही, २०२० ला कर्ज." ती हसली. मला काही हसू आलं नाही.

माझं भोसरी एमआयडीसीत छोटं शॉप आहे. दोन सीएनसी (संगणकावर चालणारी मशीन), चार जुने लेथ, अकरा माणसं. गाड्यांना लागणारे बुश आणि पिना बनवतो. आम्ही ज्याला देतो तो पुढे देतो, मग त्याच्याकडून कंपनीला जातं. २००८ ची दिवाळी झाली आणि पुढच्या महिन्याचं शेड्यूल, म्हणजे किती माल हवा त्याची यादी, निम्म्याच्याही खाली आलं. ऑपरेटर मशीन पुसत बसायचे. एक मशीन तर एवढं चकचकीत झालं की बघायला आलेल्या पाहुण्याला नवंच वाटलं.

डिसेंबरात एक्साइज (उत्पादन शुल्क) १४ चा १० टक्के झाला, फेब्रुवारीत ८. पेपरात मोठे मथळे. पण माझी उलाढाल दीड कोटीच्या आत, म्हणजे मला एक्साइज आधीपासूनच माफ. जो कर मी भरतच नाही, त्यातली सूट घेऊन करू काय?

२०२० ला बँकेतून फोन आला. "साहेब, २९ फेब्रुवारीला तुमचं जे कर्ज शिल्लक होतं त्याच्या २० टक्के जादा मंजूर आहे. तारण नको, सरकारची हमी आहे." मी विचारलं, "ऑर्डर पण देताय का बरोबर?" पलीकडचा पोरगा बिचारा गप्प.

तर प्रश्न असा. मंदीत गिऱ्हाईक नसतं, हे आमच्या वॉचमनलाही कळतं. मग सरकार पैसा बँकेमार्फतच का ओततं? सरळ काम का काढत नाही?

चहाटळ | रवि, रात्री १०:१९

पहिला! शेंगदाणे घेऊन बसलोय.

अर्धा_अर्थतज्ज्ञ | रवि, रात्री ११:०५

चांगला धागा. वाचनखूण साठवली.

लेथवाले, सरकारच्या हातात दोन दोऱ्या असतात. एक रिझर्व्ह बँकेची: व्याजदर, बँकांकडची रोकड. दुसरी तिजोरीची: कर कमी करणं, खर्च वाढवणं. पहिली ओढायला एक बैठक पुरते. ऑक्टोबर २००८ मध्ये रेपो दर (रिझर्व्ह बँक ज्या व्याजानं बँकांना पैसे देते तो) ९ टक्के होता, एप्रिल २००९ मध्ये ४.७५. सीआरआर, म्हणजे बँकांनी रिझर्व्ह बँकेकडे ठेवायची रोकड, ९ वरून ५. सहा महिन्यांत एवढी उतरण आपल्याकडे क्वचितच झालीय.

दुसरी दोरी जड. रस्ता काढायचा म्हटलं की मोजणी, भूसंपादन, निविदा, मग कोर्टात कोणीतरी जाणारच. खडी पडेपर्यंत मंदी संपून पुढची तेजीही येऊन जाते. म्हणून सरकारं आधी बँकेकडे बघतात. काम नको म्हणून नाही, काम तयार नसतं म्हणून.

एक्साइजचं म्हणाल तर ती सूट तुमच्यासाठी नव्हतीच. गाडी स्वस्त व्हावी, शोरूममधून उठावी, कंपनीचं शेड्यूल वाढावं आणि मग ते झिरपत तुमच्यापर्यंत यावं, असा हिशोब. २००९ च्या उन्हाळ्यात तुमच्याकडे काम वाढलं का? खरं सांगा.

तिरकस | रवि, रात्री ११:२१

झिरपत येतं म्हणे. आमच्या सोसायटीच्या गच्चीतूनही झिरपतं. वरच्या मजल्यावाल्यांना पत्ता नसतो, खालच्याच्या भिंतीला मात्र बरोबर ओल येते. सरकारचं नेमकं उलटं.

चहाटळ | रवि, रात्री ११:२४

हसून हसून पुरेवाट. आधी वॉटरप्रूफिंग कोणतं केलंत ते सांगा, आमच्याकडेही तोच प्रॉब्लेम आहे.

माणदेशी | सोम, सकाळी ७:४०

"काम तयार नसतं" याच्याशी असहमत. तयार ठेवलं तर असतं.

आमची आजी ७२ च्या दुष्काळात खडी फोडायला जायची. आटपाडीकडची आम्ही. कामावर पोचलं की मुकादम हजेरी घ्यायचा, दुपारी खायला सुकडी मिळायची. आजी आपल्या वाटणीची अर्धी पदरात बांधून घरी आणायची, माझ्या वडलांसाठी. ते तेव्हा तीन वर्षांचे. १९७३ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात अशा कामांवर जवळपास ५० लाख माणसं होती. पाझर तलाव, नालाबंडिंग, रस्ते.

दुष्काळ म्हणजे मंदी नव्हे, असं कोणीतरी म्हणणारच. पण खेड्यात दोन्हीचा अर्थ एकच, हाताला काम नाही. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी त्याआधीच तासगावकडे याचा प्रयोग केला होता. १९७७ ला रोजगार हमी योजनेचा (रोहयोचा) कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून लागू. मागेल त्याला काम. दिल्लीनं तसा कायदा करायला २००५ उजाडलं.

आणि शहरातल्या नोकरदारांनो, पगाराच्या चिठ्ठीत व्यवसाय कराचे २०० रुपये कापले जातात ना, फेब्रुवारीत ३००? तो कर मुळात याच योजनेसाठी आला. म्हणजे शहरात पगार चालू असणाऱ्यानं गावात काम नसणाऱ्याची मजुरी भरायची. मला वाटतं मंदीवरचं इतकं सरळ धोरण दुसरं नाही.

मनीमाऊ | सोम, सकाळी ८:०२

वीस वर्षं ते ३०० बघून मी फेब्रुवारीत एचआरशी भांडतेय!!! आज कळलं कशासाठी आहेत.

तिरकस | सोम, सकाळी ९:१५

रोहयोचं एवढं गुणगान नको. आमच्या तालुक्यात मेलेली माणसं मस्टरवर (हजेरीपटावर) अंगठा उठवत होती. पाझर तलाव असा की पाझरतो, तलाव नाही. एकच रस्ता तीन वेळा झाला आणि अजून होतोच आहे.

माणदेशी | सोम, सकाळी ९:५०

तिरकसराव, तेही खरंच आहे. आमच्याही गावात एक मुकादम मस्टरवर बंगला बांधून गेला. पण त्याच मस्टरवर आजीचंही नाव होतं, म्हणून वडील शिकले. चोर आहे म्हणून योजना बंद, असं करायचं तर आधी टोलनाके बंद करा.

माझा मुद्दा वेगळा आहे. २०२० ला शहरातून माणसं चालत गावी आली, तेव्हा मनरेगाची, म्हणजे केंद्राच्या रोजगार हमीची, यंत्रणा जागेवर होती. बजेटमध्ये ६१,५०० कोटी होते, वर ४०,००० कोटी टाकले आणि काम सुरू. नवी निविदा नाही की नवं खातं नाही. तुमच्या भोसरीच्या ऑपरेटरला मात्र असं काहीच नव्हतं. शहरात काम मागायचं कोणाकडे?

स्टुटगार्टकर | सोम, दुपारी १:३०

इकडचा अनुभव लिहितो. जर्मनीत 'कुर्त्सआर्बाइट' नावाचा प्रकार आहे. मराठीत 'अर्धवेळ हजेरी' म्हणू. ऑर्डर कमी झाल्या की कंपनी माणसं काढत नाही, कामाचे तास कमी करते. जेवढा पगार बुडतो त्याच्या निव्वळ रकमेच्या ६० टक्के सरकारी रोजगार विभाग देतो, मूल असेल तर ६७.

एप्रिल २०२० मध्ये मी यात होतो. आठवड्यातून अडीच दिवस काम. सोमवारी-मंगळवारी लॅपटॉप, बुधवारी अर्धा दिवस आणि गुरुवारपासून पोरीबरोबर लेगो. पगार कमी आला, पण घराचा हप्ता गेला. मुख्य म्हणजे उद्या काम आलं तर टीम जागेवर होती. त्या महिन्यात देशात ६० लाखांच्या आसपास लोक यावर होते. २००९ मध्येही तेच. जीडीपी ५ टक्क्यांहून जास्त आपटला, पण बेकारी फारशी वाढलीच नाही.

लेथवाल्यांना हवं ते हेच असावं. ऑर्डर नाही आणि कर्जही नाही, तर माणसं धरून ठेवायचा खर्च.

दुसरी गंमत. २००९ ला इथे नऊ वर्षांहून जुनी गाडी भंगारात काढून नवी घेतली तर सरकार २,५०० युरो द्यायचं. पाच अब्ज युरोंचा निधी काही महिन्यांत संपला. माझ्या घरमालकानं धडधाकट गाडी भंगारात घातली आणि महिनाभर हळहळत होता. पुढच्या वर्षी शोरूममध्ये शुकशुकाट. जी गाडी लोक २०१० ला घेणार होते, तीच २००९ ला घेतली.

अर्धा_अर्थतज्ज्ञ | सोम, दुपारी २:१०

उत्तम प्रतिसाद. फक्त एक. कुर्त्सआर्बाइट चालतं कारण तिथे माणसाची नोकरी कागदावर असते. लेथवाले, तुमच्या अकरांपैकी पीएफवर किती? (राग नसावा.)

लेथवाला | सोम, दुपारी २:२५

राग कसला. चार.

बिलअडकलं | सोम, दुपारी ४:०५

मी नळपाणी योजनांची कामं घेतो. सरकारनं काम काढावं म्हणताय ना, मग ऐका. ४ मे २०२० ला राज्याचा जीआर आला. विकासकामांवर वर्षभरात तरतुदीच्या ३३ टक्केच खर्च करायचा, नवी कामं नाहीत, नोकरभरती नाही. माझी टाकी अर्ध्यावर बांधून उभी. दोन पावसाळे उघड्या सळया गंजल्या. बिल विचारायला गेलो की साहेब म्हणायचे, "निधी आला की कळवतो." जो खर्च मंदीत वाढवायचा म्हणतात, तोच पहिला कापला.

अर्धा_अर्थतज्ज्ञ | सोम, दुपारी ४:४०

हे फार महत्त्वाचं आहे आणि याची चर्चा कमी होते. मंदीत राज्याचा महसूल आटतो. २०२० ला जीएसटी पडला, मुद्रांक पडला, मद्यविक्री बंद. केंद्र हवं तेवढं कर्ज काढू शकतं, गरज पडली तर रिझर्व्ह बँक बाजारातून रोखे उचलते. राज्याला कर्जाची मर्यादा राज्याच्या जीडीपीच्या टक्क्यांत आखून दिलेली. ती ३ टक्क्यांवरून ५ केली, पण बऱ्याचशा वाढीला अटी लावून. शाळा, दवाखाने, रस्ते, पाणी हा सगळा खर्च मात्र राज्याचाच. राज्याकडे काही नोटा छापायचं यंत्र नसतं.

तिरकस | सोम, दुपारी ४:४३

नसतं कसं? नाशिक रोडला आहे की!

चहाटळ | सोम, दुपारी ४:५१

यंत्र आपलं, कागद दिल्लीचा. जिलबीवाल्याच्या कढईसारखं झालं हे.

निवृत्त_कारकून | सोम, संध्या ६:३०

आम्ही केंद्र सरकारी. आमची गंमत ऐका. एप्रिल २०२० ला महागाई भत्ता गोठवला. तीन हप्ते. १७ टक्क्यांवर आम्ही दीड वर्ष बसून. जुलै २०२१ ला एकदम २८ केला, पण मधल्या अठरा महिन्यांची थकबाकी बुडाली ती बुडालीच.

आणि २०२० च्याच ऑक्टोबरात सरकार म्हणालं, खर्च करा! प्रवासाला जाता येत नाही तर एलटीसीचे (प्रवास सवलतीचे) पैसे घ्या आणि वस्तू आणा. अट अशी की भाड्याच्या तिप्पट खरेदी, १२ टक्के किंवा जास्त जीएसटीचीच वस्तू आणि पैसे ऑनलाइन. आमच्या हिला पाटल्या करायच्या होत्या. सोन्यावर जीएसटी ३ टक्के, म्हणजे चालत नाही. तीन रात्री घरात यावर चर्चासत्र. शेवटी फ्रिज आणला, १८ टक्केवाला. जुना चांगला चालत होता, तो आता बाल्कनीत उभा आहे. त्यात कुंड्यांची खतं ठेवतो.

म्हणजे भत्ता अडवून खर्चाची भूक मारली आणि मग व्हाउचर दाखवून भूक लावायचा प्रयत्न. मी सरकारच्या जागी असतो तर भत्ता चालू ठेवला असता. पाटल्याही झाल्या असत्या.

मनीमाऊ | सोम, संध्या ६:४४

वहिनींना माझा पाठिंबा.

डॉलरकाका | मंगळ, पहाटे ५:१०

न्यू जर्सीहून. आमच्याकडे एप्रिल २०२० ला थेट खात्यात १,२०० डॉलर आले. अर्ज नाही, रांग नाही. नंतर ६०० आणि मग १,४००. ज्यांची नोकरी गेली त्यांना काही महिने बेकारभत्त्यावर आठवड्याला ६०० डॉलर जादा. आमच्या ओळखीच्या हॉटेलमालकाला भांडी घासायला माणूस मिळेना, कारण घरी बसून जास्त मिळत होते.

पहिल्या वर्षी आम्ही सगळे खूश. जून २०२२ ला महागाई ९.१ टक्के. अंडी बघून परत ठेवायचो. सगळा दोष त्या चेकांचा नव्हता, जहाजं अडकली होती, युक्रेनचं युद्ध होतं. पण फुकटची भर नको तेवढी झाली, असं माझं मत.

एवढं मात्र मान्य करतो की इथे २००८ नंतर लोकांची घरं गेली ती गेली, सावरायला वर्षं लागली. २०२० नंतर सावरणं फार लवकर झालं.

(यानंतरचे दोन प्रतिसाद उडवले आहेत. पक्ष आणि नेते यांच्यासाठी वेगळा धागा आहे, तिथे मनसोक्त भांडा. - संपादक)

चहाटळ | मंगळ, सकाळी १०:३०

अरेरे, शेंगदाणे संपायच्या आत उडवले.

अर्धा_अर्थतज्ज्ञ | मंगळ, सकाळी ११:१५

काकांनी महागाई काढली म्हणून आपलंही सांगतो. २००८-०९ च्या बजेटमध्ये केंद्राची तूट जीडीपीच्या २.५ टक्के धरली होती, वर्षअखेर ती ६ च्या घरात गेली. करसवलत, शेतकरी कर्जमाफी, वेतन आयोग, खत आणि तेलाची सबसिडी, सगळं एकदम. वाढ लवकर परतली, हे खरं. पण सवलती काढून घ्यायला उशीर झाला. पुढची तीन-चार वर्षं भाजी-डाळीनं सगळ्यांना रडवलं आणि तेव्हा सढळ हातानं वाटलेल्या कर्जांतली बरीचशी पुढे बुडीत निघाली. २०२० ला सरकारनं हात आखडता का घेतला, त्याचं एक कारण मला यात दिसतं. २० लाख कोटींच्या पॅकेजमध्येही सुमारे ८ लाख कोटी हे रिझर्व्ह बँकेच्या उपायांचे होते, तिजोरीतून जाणारे नव्हेत.

माझ्या मते तिजोरीचा हात तेव्हा आणखी सैल सोडायला हवा होता. २०२०-२१ च्या पहिल्या तिमाहीत जीडीपी २४ टक्क्यांच्या आसपास खाली होता, महागाईची काळजी त्यानंतर करता आली असती. इतिहासात उलटी चूकही आहे. १९३७ ला अमेरिकेत रूझवेल्टनी सावरलं-सावरलं म्हणत खर्च कापला आणि अर्थव्यवस्था पुन्हा घसरली.

चाकणची_पाळी | मंगळ, दुपारी १२:४०

२०१९ कोणी काढत नाहीये! कोविडच्या आधीच चाकणमध्ये 'नो प्रॉडक्शन डे' लागत होते. पाळीला गेलो की गेटवर कागद चिकटवलेला. कंत्राटी पोरं आधी गेली. २० सप्टेंबरला कंपन्यांचा कर ३० चा २२ टक्के केला, नव्या कारखान्यांना १५. सरकारचा स्वतःचा अंदाज, १.४५ लाख कोटींचा महसूल सोडला. शेअर बाजार त्या दिवशी उड्या मारत होता. आमच्या गेटवरचा कागद मात्र तसाच. गाडी खपत नसताना कंपनीला कर माफ केला तर ती नवी लाइन कशाला टाकेल? जुनं कर्ज फेडेल नाहीतर डिव्हिडंड देईल.

तेवढ्या पैशात घरोघरी काय काय देता आलं असतं, लेथवाल्यांच्या मुलीनं हिशोब करावा.

अर्धा_अर्थतज्ज्ञ | मंगळ, दुपारी १:०५

करकपात ही मंदीवरचा उपाय म्हणून बघितली तर फसली, मान्य. पण तिचा हेतू दहा वर्षांच्या गुंतवणुकीचा होता. ती चुकीच्या वेळी, चुकीचं नाव लावून आली.

चाकणची_पाळी | मंगळ, दुपारी १:१२

दहा वर्षं थांबायला कंत्राटी पोरांकडे वेळ होता की!

दस्तवाली | मंगळ, दुपारी ३:२०

दस्तनोंदणीचं काम करते. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० राज्यानं मुद्रांक शुल्क ३ टक्क्यांनी कमी केलं, मग मार्चपर्यंत २ टक्क्यांनी. ३१ डिसेंबरला आमच्या इथे रात्रीपर्यंत रांग, मास्क लावलेली नवरा-बायको फाइल घेऊन जिन्यात बसलेली. सर्व्हर चालला की लोक टाळ्या वाजवत होते.

आता सगळे म्हणतील, घर घेणारा आधीच पैसेवाला. पण मी बघितलंय, दस्त झाला की आठवड्यात टाइल्सवाला, पीओपीवाला, सुतार, पडदेवाली यांना फोन जातात. सवलत संपली तशी एप्रिलात रांगही संपली, स्टुटगार्टकरांच्या गाड्यांसारखीच. लोकांनी घाई केली एवढंच. तरी त्या दिवाळीत सुताराच्या घरात पैसे आले, आणि त्याला ते तेव्हाच हवे होते.

लेथवाला | मंगळ, रात्री ९:५०

सगळे प्रतिसाद लेकीबरोबर बसून वाचले. तिनं वही भरली.

अर्धेसाहेब, तुमच्या प्रश्नाचं उत्तर: हो. २००९ च्या उन्हाळ्यात काम आलं, दसऱ्याला तर दोन पाळ्या. एक्साइजमुळे, व्याज उतरलं म्हणून की पगारवाढीची थकबाकी हातात आलेल्यांनी गाड्या घेतल्या म्हणून, ते मला खालून काय कळणार. मी 'काही नाही' म्हणालो ते चूक होतं.

आणि एक गोष्ट सुरुवातीला लिहिली नव्हती. ते २०२० चं कर्ज मी घेतलं. सहा लाख. बँकेच्या पोराला टोमणा मारला आणि चार दिवसांनी सही करून आलो. त्यातून तीन महिन्यांचा अर्धा पगार, शेडचं भाडं आणि सीएनसीचे हप्ते दिले. हप्ते पुढे ढकलायची सोय होती, पण व्याज चालूच राहणार होतं, म्हणून मी भरले. कर्ज नसतं तर एक सीएनसी विकावं लागलं असतं, आणि त्या वेळी घेणारा भंगारच्या भावानंच मागत होता. तेव्हा कर्जाला मी नावं ठेवली ती निम्मी परत घेतो.

निम्मीच. कारण दोन ऑपरेटर गावी गेले, एक नांदेडचा, एक बिहारचा. परत आले नाहीत. नांदेडवाला हाताच्या अंदाजानं दोन शतांश मापात ठेवायचा. त्याला मी अर्धा पगार पाठवत होतो, पण अर्ध्या पगारात भोसरीत खोलीचं भाडं निघत नाही. स्टुटगार्टसारखा उरलेला भाग कोणी दिला असता तर तो थांबला असता. तो पीएफवर नव्हता, हेही खरं, आणि ती चूक माझी. आता नऊ जण आहेत, नऊही पीएफवर आहेत.

लेकीनं सादरीकरणाचं नाव बदललंय. आधी 'राजकोषीय व मौद्रिक धोरणे' होतं, आता 'बाबांचं शेड्यूल'. प्राध्यापक काय म्हणतात बघू.

माणदेशी, तिला तुमच्या आजीचं उदाहरण घ्यायचंय. त्या वेळचा एखादा फोटो आहे का, विचारते.

तिरकस | मंगळ, रात्री १०:०५

लेथवाले, नांदेडवाल्याचा नंबर ठेवलाय का? एकदा फोन करून बघा.

लेथवाला | मंगळ, रात्री १०:११

केला होता दिवाळीत. तिकडे मोटार रिवाइंडिंगचं दुकान टाकलंय. म्हणाला, शेठ, तुम्हीच या.

माणदेशी | बुध, सकाळी ७:१५

आजीला विचारलं. म्हणाली, तिथं फोटो काढायला कोण येणार होतं! पण पोरीला सांग, सुकडी गोड होती, आणि वाटणारी बाई ओळखीची असली की वाटी शिगोशीग भरायची.

चहाटळ | बुध, सकाळी ७:२२

धागा वाचून भूक लागली. आणि त्या वॉटरप्रूफिंगचं राहिलंच.